कोलकात्यात शेवटपर्यंत आम्ही चौघं एकत्र राहायलाच हवं का?

पत्राचा गोषवारा: पत्र लिहिणारी मुलगी २५ वर्षांची, सोलापूरची. इंजिनीअरिंगला एका वर्गात असलेले चौघं, दोन मुली आणि दोन मुलं, सप्टेंबरच्या सुरुवातीला पाठीवर सॅक टाकून निघाले. कर्नाटक एक्सप्रेसने दिल्ली, पुढे स्पिती, उत्तराखंड, बनारस, दार्जिलिंग, सिक्कीम असं करत ते आता मेघालयात आहेत. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कोलकात्यात पाच दिवस राहायचं आणि तिथे प्रवास संपवायचा, हे घरून निघतानाच ठरलेलं. त्या पाच दिवसांचा आराखडाही तिने केला आहे: २३ ठिकाणं, चौघांचे सारखे टी-शर्ट, शेवटच्या रात्री पार्क स्ट्रीटवर जेवण. पण एका मित्राला १५ डिसेंबरला बंगळूरूत नोकरीवर हजर व्हायचंय, तो दोनच दिवस थांबून विमानाने जाणार म्हणतो. मैत्रिणीचं फेब्रुवारीत लग्न आहे, घरून रोज फोन येतात, तिचं कशात लक्ष नाही. दुसरा मित्र म्हणतो, पैसे संपले, मी गुवाहाटीहूनच घरी जातो. नोंगरियात गावच्या पायऱ्यांवर भांडण झाल्यापासून त्याच्याशी धड बोलणं नाही, आणि गंगटोकला त्याला दिलेले ११ हजार रुपयेही अजून यायचे आहेत. ती विचारते, "ताई, मी हट्ट धरू की सोडून देऊ? ज्याचा शेवट गोड ते सारंच गोड म्हणतात. शेवट असा फसला तर तीन महिन्यांचं मातेरं होईल."

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना डोळ्यांत भरली ती तुझी यादी. बेलूर मठ, दक्षिणेश्वर, व्हिक्टोरिया मेमोरियल, कुमारटुली, कॉलेज स्ट्रीट, सगळं वारांप्रमाणे, वेळेसकट. दुसऱ्यांदा वाचताना मात्र मी वेगळ्याच जागी अडले. तिघांचं पुढे काय ठरलंय ते तू अगदी तपशिलाने लिहिलंयस. एकाची बंगळूरूची नोकरी, एकीचं लग्न, एकाच्या वडिलांचा टॉवेलचा यंत्रमाग कारखाना. चार पानांच्या पत्रात स्वतःबद्दल फक्त एक ओळ, तीही कंसात: "माझं काय, बघू."

मला वाटतं, तुझ्या हट्टाचं मूळ त्या कंसात आहे. तू नोकरी सोडून निघालीस. बाकीच्या तिघांना परतल्यावर कुठे जायचं ते ठाऊक आहे. चौघं कोलकात्यात एकत्र असेपर्यंत तुझं ते 'बघू' पुढे ढकलता येतं. परतीच्या गाडीत बसलीस की ते समोर येऊन उभं राहणार. याची भीती वाटणं अगदी साहजिक आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ती भीती तू कुणाला सांगितलेली नाहीस. ती पाच दिवसांच्या आराखड्यात गुंडाळून तिघांच्या सॅकमध्ये भरते आहेस. ओझं वाढलंय हे त्यांना जाणवतं, कशाचं ते कळत नाही, आणि म्हणून जो तो आपापल्या परीने निसटायला बघतोय.

आता ती म्हण. ज्याचा शेवट गोड ते सारंच गोड. मला ती कधीच पटलेली नाही, आणि प्रवासाला तर ती मुळीच लागू होत नाही. तूच लिहिलंयस की काझाला, सुमारे बारा हजार फुटांवर, तुला विरळ हवेचा त्रास झाला. डोकं फुटतंय असं वाटत होतं, पोटात काही ठरत नव्हतं. त्या रात्री तासातासाला उठवून तुला घोट घोट पाणी पाजणारा आणि पहाटे डॉक्टर शोधायला गेलेला मुलगा कोण? हाच, ज्याच्याशी तुझं बोलणं नाही. कोलकात्यातले पाच दिवस जमले नाहीत तर काझाची रात्र घडलीच नाही असं होणार आहे का? तीन महिन्यांचं मातेरं चार दिवसांनी होत नसतं.

माझं सांगते. १९९४ साली, मी २३ वर्षांची असताना, आम्ही चार मैत्रिणी हिमाचलात ट्रेकला गेलो होतो. बारा दिवस डोंगरात काढले आणि परतताना दिल्लीत दोन दिवस होते. माझ्याकडे तुझ्यासारखीच यादी होती. लाल किल्ला, कुतुबमिनार, चांदणी चौक, सगळ्यांना न्यायच्या स्वेटरांची मापंसुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी एकीला ताप भरला. ती म्हणाली, तुम्ही जा. आणि आम्ही गेलो. तिच्या उशाशी पाण्याची बाटली आणि बिस्किटांचा पुडा ठेवून तिघी निघालो, कारण दिल्ली काय रोज होते का! संध्याकाळी धर्मशाळेत परतलो तर खिडकीच्या गजाला बांधलेल्या दोरीवर चौघींचे मोजे वाळत होते, चार जोड, ओळीने. अंगात ताप असताना तिने ते धुतले होते. माझ्या एका मोज्याच्या टाचेला ट्रेकमध्ये भोक पडलं होतं, तेही शिवलेलं होतं. मोजा करडा आणि दोरा निळा, कारण तिच्याजवळ तेवढाच होता. ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती. पुढच्या वर्षी लग्न होऊन ती हुबळीला गेली. मी तिला तेव्हा काहीच बोलले नाही, आणि नंतर बोलायचं म्हटलं तर तो विषय काढण्याजोगी वेळ आली नाही. कुतुबमिनार आज मला नीट आठवतही नाही. तो निळा दोरा आठवतो.

म्हणून तुला विचारते, तुमच्यातल्या कुणाला आत्ता ताप आहे? माझ्या मते दोघांना. एक तुझा तो मित्र आणि एक तुझी मैत्रीण.

मित्राचं आधी घेऊ. नोंगरियातला जिवंत मुळांचा दुमजली पूल बघायचा तर तीन हजारांच्या वर पायऱ्या उतराव्या लागतात आणि तेवढ्याच परत चढाव्या लागतात. चढताना त्याचा गुडघा धरला, तो दर वळणावर बसायला लागला, अंधार पडायला आला, आणि तू म्हणालीस, "तुझ्यामुळे सगळा दिवस वाया गेला." थकल्यावर माणूस बोलतो, मी समजू शकते. पण ऐकणाऱ्याच्या जागी जरा उभी राहून बघ. त्याचे पैसे संपलेत. तुझे ११ हजार त्याच्याकडे आहेत आणि रोज सकाळी तुझं तोंड बघताना त्याला ते आठवत असणार. त्यात तू पार्क स्ट्रीटच्या जेवणाचं, टी-शर्टांचं बोलतेस. प्रत्येक गोष्टीला माणशी इतके. सोलापूरला गेल्यावर वडील विचारणार आहेत, तीन महिन्यांत किती उडवलेस? धंद्याला मंदी असेल तर ते जास्तच बोलतील. मी चुकत असेन, पण मला नाही वाटत तो तुझ्यावर रागावून घरी निघालाय. तो ओशाळलाय. आणि ओशाळलेल्या माणसाला आग्रह केला की तो आणखी आक्रसतो.

मैत्रिणीचं तू एका वाक्यात उरकलंस: तिचं कशात लक्ष नाही. अगं, लग्न ठरलेल्या मुलीचं लक्ष जाणार तरी कुठे? आईवडिलांच्या घरातून सॅक घेऊन आपल्या मर्जीने निघण्याची तिची ही शेवटची वेळ असू शकते. नसेलही, तसं असू नये अशी माझी फार इच्छा आहे, पण तिच्या मनात तो विचार रोज येत असणार. तुम्ही दोघी तीन महिने एका खोलीत झोपताय. तिच्या लग्नाबद्दल तू तिला एकदा तरी विचारलंस का? तारीख नाही, हॉल नाही. तिला कसं वाटतंय ते.

तर मग करायचं काय? तू दोनच वाटा दिल्यास, हट्ट धरायचा किंवा सोडून द्यायचं. हट्ट धरलास तर कदाचित तिघंही थांबतील, कारण तुझं मन मोडणं त्यांना जड जाईल. पण मग बंगळूरूवाला मोबाईलमध्ये डोकं घालून भाड्याच्या खोल्या शोधत बसेल, मैत्रीण जिन्यात उभी राहून फोनवर बोलत राहील, आणि तो मित्र हॉटेलात मेनूकार्डाची उजवी बाजू आधी वाचेल. असे पाच दिवस तुला हवेत का? दुसरीकडे, सगळं सोडून देणं म्हणजे गुवाहाटीच्या स्टेशनवर चार दिशांना पांगणं. ते मला पटत नाही. रागात किंवा अवघडलेपणात तुटलेला निरोप पुढे सांधायला फार कष्ट पडतात. मी सांगितलंच.

मी असं करेन. पाचाचे तीन दिवस करेन, आणि चौघांनी एकत्र राहायची अट फक्त पहिल्या संध्याकाळपुरती ठेवेन. निरोपाचं जेवण शेवटच्या रात्री ठेवतात ही सगळ्यांचीच चूक होते, तुझीच असं नाही. शेवटच्या रात्री कुणाची सॅक भरायची असते, कुणाला पहाटेचं विमान असतं, सगळे दमलेले आणि आतून हललेले असतात, आणि क्षुल्लक गोष्टीवरून ठिणगी पडते. पहिल्या संध्याकाळी चौघं असतात, गाडीतून उतरून अंघोळी झालेल्या असतात, नव्या गावाचा उत्साह असतो. जे बोलायचं ते तेव्हा बोलून घ्या. मग पुढचे दोन दिवस कुणी कधीही गेलं तरी काही अपुरं राहत नाही.

पण हे व्हॉट्सॲपवर ठरवू नकोस. चौघं एका खोलीत बसून ग्रुपवर मतं टाकता, असं तूच लिहिलंयस, ते पहिलं बंद कर. गुवाहाटीला पोचलात की ब्रह्मपुत्रेच्या काठी जा, नदीतल्या उमानंद बेटावर जाणाऱ्या फेरीच्या घाटाकडे. चहा घ्या आणि पहिलं वाक्य तू बोल. "पाच दिवसांचा घोळ मी घातला, कारण परत जायची मला भीती वाटते. तुमचं सगळ्यांचं ठरलंय, माझं काहीच नाही." एवढंच. ते झाल्यावर यादी बाहेर काढू नकोस. प्रत्येकाला विचार, तुला कोलकात्यात एकच गोष्ट करायची तर कुठली? चार गोष्टी निघतील. तेवढ्या करा. उरलेली १९ ठिकाणं कुठे पळून जात नाहीत, कोलकाता आहे तिथेच राहणार आहे.

त्या मित्राशी मात्र त्याच्याआधी एकटीने बोल. 'सॉरी बे' म्हणायला दोन शब्द लागतात आणि आपल्या सोलापुरात त्या 'बे'मध्ये अर्धं भांडण विरघळतं. दिवस वाया गेला नव्हता, मी दमले होते, गुडघा आता कसा आहे, एवढं विचार. आणि पैशांचं तूच काढ. त्याला काढायला लावू नकोस. "११ हजार मला मार्चपर्यंत दिलेस तरी चालतील, महिन्याला थोडे थोडे दे," असं स्पष्ट तारखेसकट सांग. "राहू दे रे, बघू नंतर" असं मोघम बोललीस तर तुला मोठ्या मनाचं वाटेल, पण त्याच्या डोक्यावर ते कायम लटकत राहील. आणि तुला स्वतःला नोकरी मिळेपर्यंत ते पैसे लागणारही आहेत, हे विसरू नकोस. मैत्रीत पैसे आले की मैत्री बिघडते असं लोक म्हणतात. माझ्या पाहण्यात बिघडते ती पैशांबद्दल न बोलल्यामुळे.

हे सगळं बोलूनही तो म्हणाला की मी इथूनच जातो, तर जाऊ दे त्याला. तिघं मिळून स्टेशनवर जा, डब्यात शिरून सॅक बर्थखाली सरकवून द्या, वाटेत खायला बांधून द्या. त्याच्यापुरता प्रवास गुवाहाटीला संपला, आणि नीट संपला.

तो आला तर गुवाहाटी-हावडा सरायघाट एक्सप्रेसमध्ये बसल्या बसल्या चौघांचा हिशोब पूर्ण करून टाका. ॲपमध्ये असेल तर ॲपमध्ये, वहीत असेल तर वहीत. कोण कुणाचं किती लागतं ते कोलकात्याच्या आधी कळू दे. मग तीन दिवसांसाठी प्रत्येकाला झेपेल एवढीच सारखी रक्कम काढून एका पाकिटात ठेवा आणि पाकीट त्या मित्राकडेच द्या. ज्याच्याजवळ पैसे कमी आहेत त्याच्या हातात खर्चाची दोरी असली की कुणाला कुणावर उपकार केल्यासारखं वाटत नाही.

कोलकाता या बाबतीत फार दयाळू शहर आहे. मी एकदाच गेलेय, कामासाठी, चार दिवस, पण पायी इतकी फिरले की चपलेचा अंगठा तुटला. सडर स्ट्रीटच्या आसपास स्वस्तात खोल्या मिळतात, तिथून १८१४ साली सुरू झालेलं इंडियन म्युझियम आणि १८७४ चं न्यू मार्केट दोन्ही पायी अंतरावर. काठी रोल, फुचका, झालमुडी, सकाळची कचोरी-भाजी यांवर दिवस निघतो. डिसेंबरात नोलेन गूर म्हणजे खजुराच्या रसाचा नवा गूळ आलेला असतो, त्या गुळाची 'संदेश' मिठाई चौघांनी खा आणि आपल्या चिक्कीच्या गुळाशी ताडून बघा. हुगळी ओलांडायला लाँच आहे, हावड्याच्या घाटावरून बसायचं. आणि आता नदीच्या पात्राखालूनही मेट्रो जाते, मार्च २०२४ मध्ये ती सुरू झाली. देशातली पहिली मेट्रो १९८४ साली याच शहरात धावली होती. जाताना नदीवरून जा आणि येताना नदीखालून या. दोन्ही मिळून पार्क स्ट्रीटच्या एका सूपएवढेही पैसे लागणार नाहीत.

एक सकाळ मात्र तू त्या मित्राबरोबर मल्लिक घाटाच्या फुलबाजारात जा, दोघंच. उजाडताना जा. हावडा ब्रिजच्या पायथ्याशी झेंडूच्या माळांची गाठोडी दोरखंडासारखी रचलेली असतात, भगवी आणि पिवळी, आणि डोक्यावर माणसाहून मोठा भारा घेतलेले हमाल वाट काढत येतात. उभं राहायला जागा नसते, बोलायला सवड नसते, सारखं बाजूला सरकावं लागतं. भांडण झालेल्या दोघांना हे बरं पडतं. समोरासमोर बसून समेट करण्यापेक्षा शेजारी शेजारी चालणं सोपं. मग वर बघा, १९४३ चा तो पूल, नटबोल्ट न वापरता रिव्हेटांनी जोडलेला. त्याच्याकडे यंत्रमागवाल्याची नजर आहे, तो तुला त्यावर अर्धा तास सांगेल. ऐक.

आणि मैत्रिणीला घेऊन गरियाहाटला जा, तांताच्या म्हणजे बंगाली सुती साड्या बघायला. घ्यायलाच हवी असं नाही. विणकरांच्या गावातल्या दोन मुली दुसऱ्या विणकरांचा कपडा हातात घेऊन पोत बघताहेत, यात दुपार मजेत जाते, आणि साड्या उलगडताना ती लग्नाबद्दल आपोआप बोलायला लागेल.

बंगळूरूवाल्याचं सगळ्यात सोपं. त्याला जाऊ दे आणि जाताना त्याच्या तोंडावर नाराजी फेकू नकोस. पहिली नोकरी सुटून दुसरी मिळायला किती महिने लागतात हे तुला लवकरच कळेल. त्याला पोचवायला दमदमच्या विमानतळापर्यंत सगळ्यांनी जायचीही गरज नाही. खोलीतून खाली उतरा, बस किंवा टॅक्सीत बसवा, घट्ट मिठी मारा आणि वर येऊन झोपा.

थोडं व्यवहाराचं, कारण तुझ्यासारखे आणखी किती तरी जण या दिवसांत परतीच्या वाटेवर असतील. परतीचं तिकीट अजून काढलं नसशील तर आज काढ. हल्ली आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा आत्ता वेटिंगच दाखवेल. तत्काळचा भरवसा धरणार असाल तर एसीचं आदल्या दिवशी सकाळी १० ला आणि स्लीपरचं ११ ला उघडतं, आणि आयआरसीटीसीचं खातं आधारने पडताळलेलं लागतं. ते काम गुवाहाटीतच उरका. हावड्याहून पुण्याला येणारी आझाद हिंद एक्सप्रेस धरलीत तर दोन रात्री गाडीत जातात, म्हणून निघायच्या दिवशी उघड्यावरचं काही खाऊ नका, कितीही मोह झाला तरी. स्पितीचे जाड कपडे आता लागणार नाहीत, ते कोलकात्याच्या पोस्टातून पार्सलने घरी पाठवा, पाठ मोकळी होईल. फोटोंचं काम गाडीत करा. प्रत्येकाने आपले दहाच निवडायचे आणि ते का निवडले ते बाकीच्यांना सांगायचं. हजार फोटो एका फोल्डरमध्ये टाकले की ते पुन्हा कुणी उघडत नाही.

आणि ज्याचा विचार तू अजून केलेलाच नाहीस, ते आता सांगते. तुमच्यातले तिघं तरी परतून सोलापुरातच येणार आहेत. तू कोलकात्यातून निरोप घ्यायला निघालीस, पण निरोप घ्यायचा कुणाचा? मोहोळ मागे पडलं की सॅक खाली काढाल, स्टेशनबाहेर रिक्षा कराल, आणि आठवड्याभराने पुन्हा चार पुतळ्यापाशी भेटाल. डिसेंबर संपता संपता हुरडा सुरू होतो. कुणाच्या तरी शेतात आगटी पेटवा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणसं भाजा, हातावर चोळून गरम दाणे शेंगाचटणी आणि गुळाबरोबर खा. पार्क स्ट्रीटवर जे बोलायचं होतं ते तिथे जास्त नीट बोलता येईल. जानेवारीत गड्डा, म्हणजे आपल्या सिद्धेश्वरांची यात्रा आहे. बंगळूरूहून सोलापूर एका रात्रीचा प्रवास, त्याला सांग, अक्षतेच्या दिवशी ये. सात नंदीध्वज निघतात तेव्हा घरचं माणूस गावाबाहेर राहत नाही, हे सोलापूरकराला वेगळं सांगावं लागत नाही. फेब्रुवारीत लग्न आहेच. हे सगळं एकत्र धरलं तर तुमचा प्रवास संपायला अजून दोन-अडीच महिने आहेत.

घरी आल्यावर पहिला आठवडा जड जाईल. सकाळी जाग आल्यावर आपण कुठल्या गावात आहोत ते क्षणभर कळणार नाही. मावश्या, काकू, शेजारचे विचारतील, "काय गं, काय मिळवलंस एवढं फिरून?" त्यांना सगळं सांगायला जाऊ नकोस. एकेकाला एकच गोष्ट सांग. आजीला बनारसचा घाट, चुलतभावाला मुळांचा पूल. आणि स्वतःच्या त्या 'बघू'साठी पहिला आठवडा पूर्ण सोड. दुसऱ्या आठवड्यात रोज सकाळी दोन तास बसून अर्ज करायला लाग, कुठल्या कामाला नाही म्हणायचं याचा मात्र आधी विचार कर. आठवड्याचं नियोजन करून, तिघांची मनं सांभाळत, मोजक्या पैशांत तीन महिने चार माणसांना देशभर फिरवलंस तू. ही खरी कामाची गोष्ट आहे, ती अर्जात लिही.

हे सदर तुझे आईवडील वाचत असतील, किंवा अशाच कुणा मुलामुलींचे, तर त्यांना एक विनंती. पोरं स्टेशनवर उतरली की "आता पुढे काय?" हा प्रश्न लगेच विचारू नका. त्यांनी तो आमच्यासारख्यांना पत्र लिहून आधीच विचारलेला असतो. घरी न्या, गरम पाणी काढून द्या, भाकरी-पिठलं करा, झोपू द्या. चौथ्या दिवशी विचारलंत तर उत्तर मिळेल.

गुवाहाटीचं बोलणं कसं झालं ते दोन ओळीत कळव. तिकीट कन्फर्म झालं का, तेही लिही. आणि त्याच्या गुडघ्याला इतक्या पायऱ्यांनंतर सूज असेल तर दोन रात्रींच्या गाडीत बसण्याआधी डॉक्टरला दाखवा. खालचा बर्थ त्याला द्या.

तुझी ताई